कोयता परतण्याआधी येणारा उन्हाळा

बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात दसरा उलटला, की गावांची रया बदलू लागते. मुकादमाकडून घेतलेली उचल एव्हाना खर्ची पडलेली असते. पीठ-मिठाचे डबे, अंथरुणे, चार भांडी, एखादी शेळी आणि अंगावरचे लेकरू अशी सारी गृहस्थी ट्रॉलीत चढते आणि दिवाळीच्या आगेमागे ती पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या वाटेला लागते. नवरा-बायकोच्या जोडीला या व्यवहारात ‘एक कोयता’ म्हणतात. शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतील कितीतरी वस्त्या अशा कोयत्यांच्या हिशेबाने रिकाम्या होतात. मागे उरतात ती शाळेत जाणारी मुले आणि त्यांना सांभाळणारे आजी-आजोबा.

या स्थलांतराविषयी आपण पुष्कळ वाचले असेल. पण जे लिहिले जाते ते बहुधा गेलेल्यांविषयी असते. आज या सदरात मागे राहिलेल्यांविषयी बोलावे म्हणतो. कारण उन्हाळा आता पूर्वीच्या वेळी येईनासा झाला आहे, आणि त्याच्या या घाईची पहिली झळ ज्यांना बसते ते आपल्याच वयाचे आहेत. आपण बीडमध्ये राहत असा वा पुण्या-मुंबईत, आपल्या घरी एखादे वृद्ध माणूस असेल किंवा आपणच सत्तरी ओलांडली असेल, तर हा विषय आपला आहे.

पंचांग बदलले आहे

ऊसतोडणीचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. जुन्या हिशेबाने पाडव्याच्या सुमारास मंडळी घरी परतू लागत आणि खरा उन्हाळा त्यानंतर पेटे. घरातील कर्ती माणसे उन्हाच्या आधी दारात हजर असत. पाणी भरायला, म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात न्यायला, रात्री अंगणात खाट टाकून द्यायला कोणीतरी असे.

आता हा हिशेब दोन्ही टोकांनी बिघडला आहे. २०२२ चा मार्च महिना १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये भारतातील सर्वांत उष्ण मार्च ठरला. २०२३ च्या फेब्रुवारीत देशातील दिवसाच्या सरासरी कमाल तापमानाने त्या महिन्याचा तोवरचा उच्चांक गाठला. म्हणजे चैत्राचे ऊन माघ-फाल्गुनात उतरू लागले. दुसरीकडे, त्याच २०२२ साली मराठवाड्यात ऊस इतका उभा राहिला, की काही कारखान्यांचे गाळप जूनपर्यंत लांबले. ऊन लवकर आले आणि माणसे उशिरा परतली. मधल्या काळात डोंगरपट्ट्यातल्या पत्र्याच्या घरात कोण होते, याचा विचार आपण करून पाहा.

वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. उष्णतेची सवय होण्यासाठी शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर सुटू लागतो, घामातून जाणारे मीठ कमी होते, हृदयावरचा ताण ओसरतो. म्हणून मे महिन्यातील चाळीस अंशांपेक्षा फाल्गुनातील अचानक आलेले चाळीस अंश अनेकदा अधिक घातक ठरतात. वृद्ध शरीराला ही सवय सावकाश होते आणि अपुरी होते. उन्हाचा पहिला तडाखा आणि घरातील एकटेपणा हे दोन्ही आता एकाच वेळी येतात.

तहान लागत नाही, तेव्हा

वयोमानाप्रमाणे शरीरात काय बदलते, हे आपण समजून घेऊ. तरुण माणसाच्या वजनात पाण्याचा वाटा साधारण साठ टक्के असतो. वृद्धापकाळी तो पन्नास टक्क्यांच्या आसपास येतो. साठाच कमी, त्यामुळे थोडे पाणी गेले तरी तूट मोठी. मूत्रपिंडाची पाणी राखून ठेवण्याची शक्ती उणावते. घाम उशिरा सुटतो आणि कमी सुटतो. त्वचेकडे जादा रक्त पाठवून अंग थंड करण्याचे काम थकलेल्या हृदयाला जड जाते. आणि सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे तहानेची जाणीवच मंद होते. शरीर कोरडे पडत असते आणि माणूस मात्र सांगतो, “मला काही तहान नाही.” तो खोटे बोलत नसतो.

पण दुसरीही एक तहान असते, जी लागते आणि मुद्दाम मारली जाते. टंचाईच्या गावात एखाद्या आजीला विचारा, “आजी, पाणी कमी का पिता?” उत्तर बहुधा असेच मिळते : “लेकरा, एवढं पाणी पिऊन काय करायचं? रातच्याला उठावं लागतंय, अन् अंधारात जायाचं कुठं?” या एका वाक्यात किती गोष्टी दडल्या आहेत पाहा. शौचालय दूर आहे किंवा त्यात पाणी नाही. रात्री पडून मांडीचे हाड मोडले, तर न्यायला मुलगा घरी नाही. आणि घरात जे दोन हंडे आहेत, त्यांतला पहिला पेला नातवंडांचा, दुसरा शेळीचा आणि उरलाच तर आपला, असा क्रम तिने मनाशी लावून ठेवला आहे. टँकरच्या पाण्याचा ग्रामीण भागासाठीचा निकष दरडोई दिवसाला २० लिटरचा आहे; नळयोजनांसाठी जलजीवन मिशनने ५५ लिटरचे उद्दिष्ट ठेवले आहे. वीस लिटरांत स्वयंपाक, भांडी, धुणे, शौच आणि पिणे बसवायचे झाले, तर काटकसर कुठे होते, हे वेगळे सांगायला नको.

अशा काटकसरीची किंमत शरीर मोजते. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, मुतखडा, उठताना भोवळ येऊन पडणे, मूत्रपिंडाचे काम एकाएकी मंदावणे, ही त्यातली काही दुखणी. कित्येकदा पहिले लक्षण असते ते असंबद्ध बोलणे. काल व्यवस्थित हिशेब सांगणारे आजोबा आज नातवाला त्याच्या बापाच्या नावाने हाक मारू लागले, भरदुपारी झोपून राहू लागले, चिडू लागले, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका. दोन दिवसांत झालेला असा बदल म्हातारपणाचा नसतो. त्यामागे पाण्याची तूट, जंतुसंसर्ग किंवा एखादे औषध असू शकते आणि वेळीच उपचार झाल्यास माणूस पुन्हा पूर्ववत होऊ शकतो.

घरच्या घरी पाहायच्या खुणा अशा : लघवी गडद पिवळी व थोडी होणे, जीभ व गालाची आतली बाजू कोरडी पडणे, बसल्याचे उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणे. मुलांमध्ये कातडी चिमटीत धरून पाहण्याची रीत आहे. वृद्धांची त्वचा मुळातच सैल असल्यामुळे ती खूण त्यांच्या बाबतीत भरवशाची नाही.

उपाय साधा आहे, पण त्याला शिस्त लागते. तहानेची वाट न पाहता घड्याळाने पाणी प्यावे. सकाळी उठल्यावर, न्याहारीच्या वेळी, औषधाबरोबर, दुपारी दोनदा आणि दिवस मावळण्यापूर्वी असे ठरावीक पेले घ्यावेत. रात्री उठण्याची धास्ती असेल, तर दिवसातले बहुतेक पाणी संध्याकाळपर्यंत संपवावे आणि खाटेजवळ एखादे भांडे किंवा लघवीपात्र ठेवावे; त्यात लाजण्यासारखे काही नाही. पातळ ताक, ज्वारीची आंबील, वरणाचे पाणी, कैरीचे पन्हे हे सारे पाण्याच्याच हिशेबात धरावे. जुलाब वा फार घाम झाला असेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा लहान चमचे साखर आणि सपाट अर्धा लहान चमचा मीठ घालून ते घोट-घोट द्यावे. मिठाचे माप मात्र वाढवू नये.

एक सावधगिरी. ज्यांचे हृदय दुबळे आहे किंवा मूत्रपिंड निकामी होत आले आहे, त्यांना डॉक्टरांनी पाण्याची मर्यादा घालून दिलेली असते. अशांनी ‘उन्हाळा आहे, भरपूर प्या’ हा सर्वसाधारण सल्ला स्वतःला लावून घेऊ नये. उन्हाळ्यापुरती ती मर्यादा किती असावी, हे विचारून घ्यावे.

औषधांचा डबा एकदा उघडा

रक्तदाबासाठी वा पायांवरच्या सुजेसाठी दिलेल्या लघवीच्या गोळ्या शरीरातून पाणी व क्षार बाहेर टाकतात. काही रक्तदाबाच्या गोळ्या हृदयाची गती वाढू देत नाहीत. सर्दी-खाजेवरची काही औषधे, तसेच मानसिक आजारांवरची काही औषधे घाम कमी करतात. थंडीत अगदी योग्य असलेली मात्रा कडक उन्हात जड होऊ शकते. म्हणून होळीच्या आधी, म्हणजे ऊन तापण्यापूर्वी, सगळ्या गोळ्यांची पाकिटे घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे आणि सरळ विचारावे : “यातले उन्हाळ्यात काही बदलायचे आहे का?” स्वतःच्या मनाने मात्र एकही गोळी बंद करू नये.

मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. शीतपेटी नाही, आणि असली तरी वीज नाही. अशा घरात एका मडक्यात दुसरे लहान मडके ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरावी, आतल्या मडक्यात इन्सुलिनची कुपी पिशवीत कोरडी राहील अशी ठेवावी आणि वर ओले फडके घालावे. सावलीत, वाऱ्याच्या जागी ठेवलेले हे मडके आतली कुपी बाहेरच्या हवेपेक्षा बरीच थंड राखते. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत हा उपाय विशेष गुणकारी ठरतो.

माळवद गेले, पत्रा आला

आपल्यापैकी ज्यांचे बालपण मराठवाड्यात गेले, त्यांना माळवदाचे घर आठवत असेल. हातभर जाडीच्या भिंती, लाकडी सऱ्यांवर अंथरलेली पांढऱ्या मातीची जाड पेंड, आणि दुपारी बाराला आत शिरले की अंगावर येणारा गारवा. ते घर दर पावसाळ्याआधी मातीची डागडुजी मागे. डागडुजी करणारे हात उसाच्या फडात गेले, लाकूड महाग झाले, आणि पत्रा आला. पत्र्याचे घर स्वस्त आणि लवकर उभे राहते. पण तेच घर दुपारी भट्टी होते आणि मावळल्यावरही पुष्कळ वेळ धगधगत राहते. रात्रीचा गारवा हा शरीराचा विसावा असतो. तो मिळाला नाही, तर दुसऱ्या दिवसाचे ऊन थकलेल्या हृदयाला आधीच गाठते.

पत्र्याला बाहेरून पांढरा चुना देणे हा सर्वांत कमी खर्चाचा उपाय. पांढरा रंग ऊन परतवतो. आतून खालच्या बाजूस बांबूच्या तट्ट्या किंवा गोणपाटाचे छत बांधता येते. छपरावर कडबा वा पाचट टाकण्याची रीत आहे, पण चूल आणि विजेच्या तारा जवळ असतील, तर आगीचा धोका ओळखून ती टाळावी. दुपारी बारा ते चार या वेळेत गावात जे सर्वांत थंड ठिकाण असेल, देवळाचा सभामंडप, समाजमंदिर, शाळेची पक्की इमारत वा जुने माळवद, तिथे वृद्धांनी जाऊन बसावे. पंख्याविषयीही एक गैरसमज दूर व्हावा. हवा चाळीस अंशांच्या पुढे गेली, की कोरड्या अंगावर पंख्याचा वारा गारवा देत नाही. उलट तापलेली हवा अंगावर फेकतो. अशा वेळी ओल्या फडक्याने हात, मान, चेहरा पुसत राहावे आणि अंग ओले असतानाच वारा घ्यावा.

आणि उष्माघात? अंग विस्तवासारखे तापणे, बरळणे, तोल जाणे, झटके येणे, शुद्ध हरपणे ही त्याची लक्षणे. यात मिनिटांना मोल असते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा, पण तिची वाट पाहत बसू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. मान, काखा आणि जांघा यांवर ओली फडकी ठेवा. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. तापाच्या गोळीचा इथे उपयोग नाही.

पाणी आले, पण कसले?

टँकरचे पाणी विहिरीत ओतले जाते आणि तिथून ते शेंदून घरी येते. या प्रवासात ते गढूळही होते आणि दूषितही. तुरटी फिरवल्याने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. पाणी गाळून, निवळवून, त्यात आरोग्य केंद्रातून वा आशाताईंकडून मिळणारे क्लोरीनचे थेंब सांगितलेल्या मापाने घालून अर्धा तास थांबावे आणि मगच प्यावे.

खोल कूपनलिकांचा प्रश्न निराळा आहे. पाण्याची पातळी जितकी खाली जाते तितके आपण खडकातील जुने पाणी उपसतो, आणि काही ठिकाणी त्यात फ्लोराइड अधिक असते. बीडसह राज्यातील काही जिल्ह्यांच्या भूजलात ते मर्यादेबाहेर आढळले आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड नसावे. वर्षानुवर्षे असे पाणी पोटात गेले, तर दातांवर डाग पडतात, सांधे आखडतात, पाठीचा कणा ताठरतो. आणि आपण त्याला वातविकार समजून तेल चोळत बसतो. फ्लोराइड उकळून जात नाही. पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण उलट वाढते. जलजीवन मिशनखाली गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण व संच देण्याची तरतूद आहे. आपल्या गावातील त्या पाच जणी कोण, हे ग्रामपंचायतीत विचारा आणि आपल्या कूपनलिकेचे पाणी तपासून घ्या.

हा केवळ निसर्गाचा कोप नाही

इथवर जे सांगितले ते घरात करायचे उपाय. पण वाचकहो, एखाद्या आजीने तहान मारली, तर तो दोष तिच्या सवयीचा म्हणता येईल का? बालाघाटाचा हा भाग पर्जन्यछायेत आहे हे खरे. १९७२ चा दुष्काळ आपल्या पिढीने अंगावर काढला आहे. परंतु २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ अशी टंचाईची वर्षे किती जवळजवळ आली, तेही आपण पाहिले. केज तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण आटले आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. उलट २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर अशी अतिवृष्टी कोसळली, की सिंदफणेच्या काठची शेते पाण्याखाली गेली. कधी थेंब नाही, कधी धरबंध नाही. हवामानबदलाचे रूप हेच आहे.

या बदलाला ज्यांनी सर्वांत कमी हातभार लावला, त्यांच्याच वाट्याला त्याचा मोठा हिस्सा येतो. ज्या आजीच्या घरात एक दिवा आणि एक चूल, तिच्या धुराने पृथ्वी तापलेली नाही. पाण्याच्या वाटपाचेही तसेच. राज्याच्या पिकाखालील क्षेत्रापैकी चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावरील ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के पाणी घेतो, असे कृषी खर्च व मूल्य आयोगाने नोंदविले आहे. कोरडवाहू शेती पिकत नाही म्हणून मुलगा-सून ऊस तोडायला जातात, आणि ज्या पाण्यावर तो ऊस उभा असतो तसे पाणी त्यांच्या म्हाताऱ्या आईच्या हंड्यात नसते. हे गणित कुणा एका शेतकऱ्याने मांडलेले नाही. तरी त्याचे उत्तर तिलाच भरावे लागते.

आणि ही सून तरी कोण? २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीसमोर आलेल्या माहितीनुसार बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. फडावर पाणी नाही, शौचालय नाही, पाळीच्या दिवसांत विसावा नाही, खाडा झाला तर पैसे कापले जातात. मग साध्या दुखण्यावरही हा टोकाचा उपाय पुढे येतो. तरुणपणीच असे झाले आणि त्यासोबत बीजांडेही काढली गेली असतील, तर हाडे लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणजे सासूची सेवा करायला जी फाल्गुनाअखेर परत येते, ती स्वतः पन्नाशीआधीच म्हातारपणाच्या उंबरठ्यावर उभी असते. घरात अशी कोणी असेल, तर तिचे रक्त, रक्तदाब आणि हाडांची तपासणी आवर्जून करून घ्या. सेवा करणारी आधी खचली, तर सेवा घेणाऱ्याचे काय?

माळढोक पक्ष्याच्या संरक्षणाविषयीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी असे मानले, की हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा नागरिकांचा हक्क संविधानाच्या समानतेच्या व जगण्याच्या हक्कांतूनच येतो. म्हणून गावात सावली, पाणी आणि दवाखाना मागणे ही याचना ठरत नाही. ज्येष्ठांनी ते ताठ मानेने मागावे.

एक यादी, एक हाक

२००३ च्या ऑगस्टमध्ये युरोपात उष्णतेची लाट आली, तेव्हा एकट्या फ्रान्समध्ये नेहमीपेक्षा सुमारे १५ हजार लोक अधिक दगावले. त्यांत वृद्ध फार होते, आणि कित्येक जण एकटे होते. कारण तो सुट्ट्यांचा महिना, मुले-नातवंडे, शेजारी गावाबाहेर. समृद्ध देशातही माणसाला मारणारी गोष्ट तीच होती : ऊन आले आणि घरात हाक मारायला कोणी नव्हते. त्यानंतर तिथल्या नगरपालिकांनी एकट्या वृद्धांच्या नोंदवह्या ठेवल्या आणि लाट आली, की त्यांना फोन करण्याची पद्धत सुरू केली. आपल्याकडे २०१० च्या मे महिन्यातील भीषण उष्णतेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला. पूर्वसूचना, पाण्याची सोय, दवाखान्यांची तयारी असे त्याचे स्वरूप होते आणि पुढे अनेक शहरांनी ते उचलले.

डोंगरपट्ट्यातील गावाला यासाठी फार पैसा लागत नाही. दसऱ्यानंतर ट्रॉल्या निघतात, तेव्हाच ग्रामपंचायतीने, आशाताईंनी आणि अंगणवाडीताईंनी मिळून एक यादी करावी : कोणत्या घरात वृद्ध एकटे किंवा केवळ नातवंडांसह राहिले आहेत, कोणाला कोणता आजार आहे, मुलाचा व मुकादमाचा फोन कोणता. होळीपासून दर दुपारी कोणीतरी त्या दारांवरून एक फेरी मारावी. टँकर आला, की आधी या घरांचे हंडे भरावेत. मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. मग मागे राहिलेल्या वृद्धांसाठीही काही का असू नये? अंबाजोगाईच्या ‘मानवलोक’ या संस्थेने खेड्यांतील निराधार वृद्धांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे चालवून दाखविली आहेत. एकत्र जेवणाच्या निमित्ताने कोण आले आणि कोण आले नाही, हे रोज कळते. अन्नाइतकेच हे कळणेही जीव वाचविते.

जे दूर आहेत, मग ते कोल्हापूरच्या फडात असोत की पुण्यातील कार्यालयात, त्यांनी रोजच्या फोनवर “बरी आहेस ना?” एवढेच विचारू नये. त्याचे उत्तर आई नेहमी “बरी आहे” असेच देणार. त्याऐवजी विचारावे : “आई, आज किती पेले पाणी झाले? लघवी किती वेळा झाली? दुपारी कुठे बसली होतीस? काल पाणी कोणी भरले?” नेमक्या प्रश्नाला नेमके उत्तर येते. आणि उत्तर अडखळले, आवाज जड लागला, तर शेजाऱ्याला फोन करायला संकोचू नये. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी विनाशुल्क आहे. हा क्रमांक आणि १०८ हे दोन्ही भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवावेत. सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४ च्या ऑक्टोबरअखेरपासून आयुष्मान भारत योजनेत उत्पन्नाची अट न ठेवता वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. त्याचे कार्ड मुलगा घरी असतानाच काढून ठेवावे. ट्रॉली निघाल्यावर मग कोण तालुक्याला नेणार?

शेवटी एक सांगतो. बीड शहराजवळ खजाना विहीर आहे. निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात ती बांधली गेली. दुष्काळातही तिचे पाणी आटत नाही अशी तिची ख्याती, आणि जमिनीखालून काढलेल्या मार्गांनी तिचे पाणी शेतांपर्यंत जाते. ज्यांनी ती बांधली, त्यांनी पाणी कुठवर पोचले पाहिजे याचा आधी विचार केला होता. आपणही तेवढेच करायचे आहे. या वर्षी फाल्गुन लागण्याआधी, आपल्या गल्लीतील वा आपल्या गावातील अशा एका घराचे नाव कागदावर लिहा, जिथे हाक मारायला कोणी नसते. मग त्या दारात जा, हाक मारा, आणि समोर बसून त्या माणसाला एक पेला पाणी पिऊ द्या. घाई करू नका. तो पेला पूर्ण रिकामा होईपर्यंत बसा.